मेंढरांचा वजिफा

सोनूबाई : हात चालू असले म्हणून कान बंद न्हाईत माझे. ही लोकर आज निवडून झाली पाहिजे. तू बोल. नाव कमी केलं म्हंजी काय? कायमचं, का चार दिवसांचं?

राधाकिसन : कायमचं, माय. कॉलेजातून बी आन् बोर्डिंगातून बी. फी माफ होती, राहणं-खाणं सरकारचं होतं, तो वजिफा बी बंद. हैदराबादेत आता माझं काहीच न्हाई.

सोनूबाई : आन् आल्यापासून हे पोटात ठिवलंस. मी समजत होते, सुटीला आला.

राधाकिसन : सांगायला निघालो की तू समोर भाकर वाढायचीस. मंग मी तीच खात बसायचो.

सोनूबाई : चोरी केली का?

राधाकिसन : न्हाई.

सोनूबाई : कोणाला मारलं?

राधाकिसन : न्हाई माय. गाणं म्हटलं.

सोनूबाई : गाणं म्हटलं म्हणून कोणी पोराला घरी धाडतं व्हय? पह्यल्यापासून सांग.

राधाकिसन : बोर्डिंगात प्रार्थनेची एक खोली होती. संध्याकाळी आम्ही पोरं तिथं जमायचो, देशाची एक प्रार्थना म्हणायचो आन् आपापल्या खोलीत अभ्यासाला जायचो. एक दिवस हुकूम आला, दुसरी कोणती बी प्रार्थना म्हणा, ही म्हणायची न्हाई. पोरांनी इचारलं, ही कामून न्हाई? कोणी जवाब दिला न्हाई. संध्याकाळी गेलो तर दाराला कुलूप. मंग आम्ही अंगणात उभं राहून म्हटली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं केलं आन् म्हणाले, पुन्हा म्हणणार न्हाई असं कबूल करा. काहींनी केलं. बाकीचे गप राहिले. मी बी गप राहिलो. तिसऱ्या दिवशी खानावळ बंद. भांडी पालथी घालून आचारी निघून गेला. आम्हाला इतिहास शिकवणारे एक मौलवी साहेब हायेत, त्यांनी आम्हा काही जणांना आपल्या घरी नेऊन जेवू घातलं. म्हणाले, बेटा, माझ्या हातात दुसरं काही न्हाई, जेवण हाय. मंग हुकूम आला, नावं कमी झाली.

सोनूबाई : देवमाणूस म्हणायचा. बाकीची पोरं कुठं गेली?

राधाकिसन : काही घरी गेली. काही नागपूरला, इंग्रजी मुलखात जाऊन राह्यलीत. तिथलं विद्यापीठ आपल्याकडच्या पोरांना घेतंय म्हणतात. पण मला तुला निराळंच सांगायचं हाय. माझा वजिफा परत मिळू शकतो.

सोनूबाई : तो कसा?

राधाकिसन : वजिफ्यावर शिकणाऱ्या पोरांना शिक्षण खात्याच्या एका बड्या साहेबांनी एकेकट्याला बोलावलं होतं. मला वाटलं, ओरडतील. तर खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, तू मेंढक्याचा पोरगा. सरकारनं तुला फुकट शिकवलं, तू सरकारचं मीठ खाल्लंस. ज्यांचे बाप फी भरतात त्यांची गोष्ट अलग हाय, ते कुठं बी शिकतील. तू काय करणार, पुन्हा मेंढरं वळणार? मंग म्हणाले, मला तुला वाचवायचं हाय. त्या संध्याकाळी पोरांना कोणी चढवलं, प्रार्थना कोणी सुरू केली, तेवढं नाव सांग. तुझं नाव पुन्हा लागेल, वजिफा चालू राहील.

सोनूबाई : आन् तू?

राधाकिसन : मी म्हणालो, आईला इचारतो. ते खुश झाले. म्हणाले, बहोत अच्छा, आईलाच घेऊन ये. सोमवारी ते चौकशीसाठी जालन्याला येणार हायेत, सरकारी बंगल्यात उतरतील. पोरगा इथून पुढं नीट वागेल, अशी तू जबान द्यायची. मी नाव सांगायचं. बस. भुजंगराव पाटलांना बी निरोप गेलाय. येतीलच ते.

सोनूबाई : कोणाचं नाव सांगायचं?

राधाकिसन : धर्मराजचं.

सोनूबाई : भोकरदनचा धर्मराज? दिवाळीला आपल्या इथं राहून गेल्ता, तो?

राधाकिसन : तोच. साहेबांना त्याचंच नाव पाहिजे. त्याचा मामा चळवळीत हाय, तुरुंगात जाऊन आला. साहेब स्वतःच म्हणाले, धर्मराजच असंल, न्हाई का? मला फक्त हो म्हणायचं हाय. आन् त्याचं काय जाणार, माय? घरी काळी जमीन, बारमाही इहीर, बाप जिवंत. तो नागपूरला जाईल, न्हाई तर पुण्याला. त्याचं शिक्षण अडत न्हाई. माझं अडतं.

सोनूबाई : त्याला नुसतं काढतील, का आणखी काही?

राधाकिसन : काढलंच हाय त्याला.

सोनूबाई : मी ते न्हाई इचारलं.

राधाकिसन : पोरांना चढवलं असं ठरलं तर तुरुंग बी होऊ शकतो. होईलच असं न्हाई.

सोनूबाई : पह्यल्या साली तू आल्ता तवा रडून सांगितलं होतंस. तिथं सगळं उर्दूत शिकवतेत, साहेब बोलतात ते डोक्यावरून जातं, मी नापास होणार. मंग तू पास झालास. तुझ्यासंगं कोण बसत होतं?

राधाकिसन : माय, ते मला ठाऊक न्हाई का?

सोनूबाई : कोण बसत होतं?

राधाकिसन : धर्मराज. रोज. स्वतःचा अभ्यास बाजूला ठिवून. त्या साली नापास झालो असतो तर वजिफा तवाच गेला असता. हे सगळं मी डोक्यात शंभरदा फिरवलंय. मला खुशी होऊन राह्यली असं समजू नको.

सोनूबाई : मंग खरं सांग. प्रार्थना त्यानं सुरू केली?

राधाकिसन : सगळ्यांनी मिळून म्हटली.

सोनूबाई : सगळे मिळून म्हणतेत, पण पह्यला सूर एकाचाच असतो. तुझा बाप जत्रेत ओव्या म्हणायचा, तू लहान होतास. त्यानं सूर लावला की झाडाखाली निजलेली माणसं उठून यायची. बाकीचे मागून म्हणायचे. आन् हा धर्मराज दिवाळीत आपल्या इथं आरती म्हणायला लागला तर वाडग्यात कोंडलेली मेंढरं बुजली. गुणाचं लेकरू हाय, पण गळा न्हाई त्याला. त्याच्या मागून कोणी गायचं न्हाई. मंग अंगणात सुरू कोणी केलं?

राधाकिसन : मी.

सोनूबाई : कसं?

राधाकिसन : कुलूप बघून पोरं माघारी फिरली होती. धर्मराजच म्हणाला, चला रे, उद्या साहेबांना भेटू. मी पायरीवर उभा होतो. मला कोणी चढवलं न्हाई, कोणी सांगितलं न्हाई. मनात आलं, आज इथून मुकाट्यानं गेलो तर उद्या बी मुकाट्यानंच जाऊ. मी तोंड उघडलं. पोरं वळली आन् माझ्या मागं उभी राहिली. खोटं कशाला बोलू, माय, परीक्षेत पास झालो तवा बी मला एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

सोनूबाई : मंग हेच साहेबाला सांगायला काय झालं?

राधाकिसन : हे सांगितलं तर सगळं संपतं. तुला न्हाई कळत. या मुलखात मला पुन्हा कोणत्या बी शाळेची पायरी चढू देणार न्हाईत. मी बी.ए. होणार होतो, वकिली करणार होतो. तू अशी ऊन-पावसात मेंढरांमागं फिरत मरशील, ते मला बघवत न्हाई.

सोनूबाई : माझं मरण तू मधी आणू नको. मी मेंढरांमागं फिरते ते मला येतं म्हणून. तू शिकावं असं मला तुझ्याहून जास्त वाटतं, राधाकिसना. तुला शाळेत घालायचं म्हणून मी तुझ्या चुलत्यांशी भांडले, ते माझं मला ठाऊक. पण मी त्या बंगल्यात येऊन, हा पोरगा नीट वागेल म्हणून जबान द्यायची, आन् त्याच वेळी भोकरदनला एका बाईचं पोरगं तुरुंगात जाणार. ते माझ्याच्यानं होणार न्हाई. मी येईन. जबान देणार न्हाई. तू काय बोलायचं ते तुझं तू बघ. पाटील आले बघ. घोंगडी टाक त्यांना.

पाटील : बसत न्हाई, सोनूबाई. मला पुढं जायचंय. रविवारी तांबडं फुटायच्या आत गाडी जुंपतो, म्हंजी सोमवारी बंगल्यावर हजर. तू, राधाकिसन आन् मी. साहेबांची मेहेरबानी समज. न्हाई तर एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस एका पोरासाठी एवढं कामून करंल?

सोनूबाई : तुमचे बी उपकार हायेत, पाटील. वजिफ्याची दरखास्त घेऊन तुम्हीच अंबडला, औरंगाबादला फिरला. ते मी जलमात विसरणार न्हाई.

पाटील : म्हणून तर माझी बी मान अडकलीय. मी लिहून दिलं होतं, पोरगा गरीब हाय, सरकारशी इमान राखील. आता सरकारनं फुकट शिकवलेलं पोरगं सरकारच्या खिलाफ गेलं, तर पह्यला जवाब मला मागतील.

सोनूबाई : फुकट म्हणू नका.

पाटील : फुकट न्हाई तर काय? फीची एक दमडी तरी दिलीस का?

सोनूबाई : वनचराई कोण भरतं? दर साली कारकून मेंढरं मोजायला येतो तवा तुम्हीच संगं असता. गेल्या साली त्यानं गाभण मेंढ्यांच्या पोटातली कोकरं बी मोजली. मी म्हटलं, जन्मू तर द्या. तर म्हणतो, जन्मतीलच की. तुम्ही हसला होता, पाटील. ते पैसे कुठं गेले?

पाटील : कुठं जाणार? खजिन्यात.

सोनूबाई : आन् वजिफा कुठून निघाला?

पाटील : खजिन्यातूनच. पण असं बोलायचं नसतं, सोनूबाई.

सोनूबाई : मी काही हिशेब मागत न्हाई. सगळ्या मुलखातली माणसं भरतेत, त्यातला एक घास माझ्या पोराच्या वाट्याला आला. चांगलं झालं. साहेबानं वाढलं, त्याचं बी भलं होवो. पण वाढणारा वेगळा आन् पिकवणारा वेगळा. वाढणाऱ्यानं ताटावर बसलेल्या लेकराला म्हणायचं न्हाई, की आधी शेजारच्याला उठवून लाव, मंग जेव.

पाटील : हे तिथं बोललीस तर कुरण बंद होईल. मेंढरं कुठं चारशील?

सोनूबाई : गोदावरीला पाणी कमी झालं की पलीकडं जाऊ. माझ्या सासऱ्यानं मेंढरं नगरच्या मुलखापर्यंत नेल्ती. मेंढराला हद्द दिसत न्हाई.

पाटील : राधाकिसना, तू शिकलेला हायेस. तुझ्या आईला समजाव.

राधाकिसन : मी तिला दोन घडी झाल्या समजावून राह्यलो, पाटील. उलटं मलाच समजलं.

पाटील : काय समजलं?

राधाकिसन : सोमवारी मी येतो. साहेबांना नाव पाहिजे, नाव सांगतो. माझं. ती प्रार्थना मी सुरू केली होती.

पाटील : बिलकुल न्हाई. वेडा झालास का? अरे, तो माणूस तुला सोडवायला येऊन राह्यला आन् तू आपणहून गळा पुढं करतो?

राधाकिसन : पाटील, तुम्ही लिहून दिलं होतं ना, पोरगा इमान राखील म्हणून? ते मी खोटं पडू देत न्हाई.

(सोमवारी दुपारनंतर, जालन्याहून परतणाऱ्या बैलगाडीत. राधाकिसन सोबत नाही.)

पाटील : मला साहेबांनी शेवटी आत बोलावलं. त्याच्या आधी काय झालं ते तरी सांग.

सोनूबाई : काय सांगू? साहेब माणूस वाईट न्हाई. राधाकिसनाला बस म्हणाला, तो बसला न्हाई. मी उभी होते म्हणून असंल. मंग दोघं उर्दूत बोलत राहिले. मला सगळं समजलं न्हाई, पण राधाकिसनानं छातीवर हात ठिवला तवा समजलं, सांगितलं म्हणून. साहेबाला पटंना. तो हसला. त्याला वाटलं, दोस्ताला वाचवायला पोरगं आपल्यावर घेतंय. मला मराठीत म्हणाला, बाई, तुमच्या मुलाला समजावा, तो दुसऱ्यासाठी बरबाद होऊन राह्यलाय.

पाटील : मंग?

सोनूबाई : मी म्हटलं, साहेब, तो दुसऱ्याचं घेत न्हाई, आपलंच सांगतोय. तुम्हाला खरं पाहिजे का धर्मराज पाहिजे? तवा त्याचं हसू गेलं. म्हणाला, तुरुंगात घालत न्हाई, पण वजिफा संपला, या मुलखातल्या कोणत्या बी कॉलेजात हा पुन्हा बसणार न्हाई. राधाकिसन म्हणाला, बराबर हाय. एवढंच म्हणाला. मंगच तुम्हाला बोलावलं.

पाटील : मला इचारलं, तुम्ही गावचे पाटील, हा पोरगा खरं बोलतो का? रस्ताभर मी ठरवून आल्तो, सांगायचं, हुजूर, कच्च्या डोक्याचं पोरगं हाय, दोस्ताच्या नादानं बोलून राह्यलं. तेवढं बोललो असतो तर धर्मराजवर गेलं असतं आन् हा सुटला असता. मी सुटलो असतो.

सोनूबाई : पण तुम्ही म्हणालात, हा पोरगा खोटं बोललेला मला ठाऊक न्हाई.

पाटील : तोंडातून निघून गेलं. लहानपणी माझ्या आंब्याला त्यानं दगड मारला होता, आन् मी इचारायच्या आधी वाड्यावर येऊन सांगून गेल्ता. तेच डोळ्यापुढं आलं. आता पाटीलकी राहते का जाते, बघू.

सोनूबाई : राहील. कारकुनाला मेंढरं मोजताना संगं कोणी तर लागंलच.

पाटील : तू हसून राह्यलीस, आन् मला घाम फुटलाय. बरं, ठेसनावर काय झालं? मी बैलांना पाणी पाजत होतो, मला काही दिसलं न्हाई.

सोनूबाई : धर्मराज फलाटावर गाठोडं घेऊन बसला होता. सोमवारच्या गाडीनं दोघांनी मिळून मनमाडवरून नागपूरला जायचं, असं हैदराबाद सोडतानाच ठरलं होतं म्हणे, पण राधाकिसन येईल याचा त्याला भरवसा नव्हता. राधाकिसनानं त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तुझं नाव घ्यायला निघालो होतो, हे बी सांगितलं. मी मधी पडले न्हाई. मला वाटलं, आता धर्मराज उठून जातो का काय. मंग त्यानं गाठोडं बाजूला सरकवलं आन् म्हणाला, बस.

पाटील : बस, एवढंच?

सोनूबाई : एवढंच. मंग दोघांनी माझी भाकर खाल्ली. नागपुरात लोक या पोरांना घरोघर जेवू घालतेत म्हणे. फीचं तिथं गेल्यावर बघतील. अंगावर घ्यायला घोंगडी दिलीय. बाकी त्याचं तो बघंल.

पाटील : गाडीत बसवलं तवा काही बोलला?

सोनूबाई : म्हणाला, माय, मी मेंढरं इसरणार न्हाई. मी म्हटलं, इसर. मेंढरं माझी मी सांभाळते, तू अभ्यास कर. मंग गाडी सुटली. तेवढ्यापुरतं मला काही दिसलं न्हाई.

पाटील : घे, पाणी पी. सोनूबाई, एक गोष्ट इचारतो. साहेबानं जा म्हटल्यावर तू दारातून माघारी फिरलीस. काय म्हणालीस त्याला? मी पायऱ्या उतरलो होतो.

सोनूबाई : म्हटलं, याचा वजिफा बंद केला तर तो तसाच ठिवू नका. आमच्या गावच्या दुसऱ्या एखाद्या लेकराला द्या. आमचं वनचराई भरणं काही बंद झालं न्हाई.

पाटील : असं म्हणालीस? साहेबाला?

सोनूबाई : मंग कोणाला म्हणणार?

पाटील : आन् तो काय म्हणाला?

सोनूबाई : शिपायाला म्हणाला, बाईला सावकाश पायऱ्या उतरू दे.

पाटील : अगं, पण द्यायचा म्हटला तरी कोणाला द्यायचा? आपल्या गावात चौथी झालेलं दुसरं लेकरू न्हाई. राधाकिसन घनसावंगीला पायी जायचा म्हणून शिकला. गावात शाळाच कुठं हाय?

सोनूबाई : मंग आधी शाळा मागू. हाका गाडी.